नेटची वायर काढा, मग प्रोजेक्ट तपासा

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट स्वीकारायला एकच अट असावी, असं माझं ठाम मत आहे. परीक्षकाने लॅबमधला एक कोरा संगणक घ्यावा, नेटची वायर काढावी, विद्यार्थ्याने दिलेला पेनड्राइव्ह लावावा आणि सोबतच्या सूचना वाचून प्रोजेक्ट स्वतः इन्स्टॉल करावा. चालला तर पुढे व्हायवा. नाही चालला तर दुरुस्त करून आणायला आठ दिवस द्यावेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी ही अट लावावी. ती पाळणं मुलांना शक्य व्हावं म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉड्यूलांचा, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचांचा, एक सामाईक साठा ठेवावा.

ही अट उद्याच लावली तर बरेच प्रोजेक्ट पडतील, आणि त्यात मुलांचा दोष फार थोडा असेल. मॉड्यूल कुठून येतं, कशात बांधलेलं असतं, कोणत्या पायथनसाठी असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. पॉलिटेक्निक असो, बीएस्सी असो की इंजिनिअरिंग, ‘मॉड्यूल्स अँड पॅकेजेस’ हे शब्द अभ्यासक्रमात भेटतात, पण बहुतेक ठिकाणी शिकवणं इम्पोर्टच्या, म्हणजे मॉड्यूल प्रोग्राममध्ये मागवायच्या, ओळीपाशी थांबतं. ते मॉड्यूल संगणकावर आलं कसं, हा प्रश्न लॅब असिस्टंटच्या गळ्यात पडतो.

इकडच्या मुलांचे विषय चांगले असतात. रावेर-यावलच्या केळीच्या पानावरचा करपा फोटोवरून ओळखणं, कापसावरची गुलाबी बोंडअळी, बाजार समितीचे रोजचे भाव, अहिराणी शब्दांचा संग्रह. पण निकाल लागला की काम तिथेच संपतं. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते वाढवता येत नाही आणि एखाद्या कृषी विज्ञान केंद्रात ते बसवता येत नाही, कारण ज्या लॅपटॉपवर ते लिहिलं त्याच्याबाहेर ते कुठेच चालत नाही. मेहनत वाया जाते याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ती वाचवायला लागणारं ज्ञान चार प्रॅक्टिकलांत देता येतं.

सबमिशनचं फोल्डर उघडलं की आत बहुधा ‘व्हीएन्व्ह’ नावाचं एक-दीड जीबीचं फोल्डर सापडतं. सगळी मॉड्यूलं यातच आहेत, तेव्हा हेच कॉपी केलं की झालं, असा समज असतो. पण हे फोल्डर म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, त्या एका प्रोजेक्टपुरती मॉड्यूलांची वेगळी जागा. ते तयार होताना मूळ पायथन कुठे आहे याचा पूर्ण पत्ता त्यातल्या ‘पायव्हीएन्व्ह डॉट सीएफजी’ या फाइलीत लिहिला जातो, आणि स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या पिपसारख्या (पिप म्हणजे मॉड्यूलं उतरवून बसवणारा प्रोग्राम) एक्झी फाइलींतही पत्ता पक्का होतो. दुसऱ्या संगणकावर त्या नावाचा युजर नसतो, तो मार्ग नसतो, म्हणून ते एन्व्हायर्नमेंट निकामी ठरतं. एन्व्हायर्नमेंट प्रत्येक संगणकावर नव्याने करायचं असतं. सोबत न्यायच्या त्या दोनच गोष्टी: मॉड्यूलांची यादी आणि मॉड्यूलांच्या मूळ फाइली.

यादीतही घोळ असतोच. एन्व्हायर्नमेंट न करता यादी काढणारं ‘पिप फ्रीझ’ चालवलं तर त्या संगणकावर आजवर बसवलेलं सगळं यादीत उतरतं, प्रोजेक्टशी संबंध असो वा नसो. ॲनाकोंडा, म्हणजे पायथन आणि मॉड्यूलं एकत्र देणारा संच, वापरला असेल तर काही ओळींत आवृत्तीच नसते. तिथे ‘@’ या खुणेपुढे ‘फाइल’ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता असतो, आणि तो असतो ते पॅकेज मुळात जिथे बांधलं गेलं त्या यंत्रावरचा. अशी यादी परीक्षकाच्या संगणकावर पहिल्याच ओळीला अडते.

मॉड्यूलची मूळ फाइल म्हणजे व्हील. ही प्रत्यक्षात झिप फाइलच, फक्त शेवटी ‘डॉट डब्ल्यूएचएल’ असतं. ही पद्धत पीईपी ४२७ या प्रस्तावाने २०१३ साली रूढ झाली. फाइलीच्या नावातच बहुतेक सगळी माहिती असते, आणि ते नाव वाचायला शिकवणं हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात किफायतशीर तास आहे. नमपाय-१.२६.४-सीपी३११-सीपी३११-विन_एएमडी६४ हे नाव घ्या. पहिला तुकडा मॉड्यूलचं नाव, दुसरा आवृत्ती. त्यापुढचा ‘सीपी३११’ सांगतो की हे सी-पायथन (म्हणजे नेहमीचं पायथन) ३.११ साठी आहे, ३.१० किंवा ३.१२ वर बसणार नाही. दुसरा ‘सीपी३११’ एबीआयचा, म्हणजे आत सीमध्ये लिहून आधीच कंपाइल केलेला भाग पायथनच्या कोणत्या अंतर्गत रचनेशी जुळतो त्याचा. शेवटी ६४ बिटी विंडोज. ज्या मॉड्यूलमध्ये निव्वळ पायथन आहे त्याच्या नावात या तीन जागी ‘पीवाय३-नन-एनी’ असतं आणि ते कुठेही चालतं. लिनक्सच्या फाइलींवर ‘मेनीलिनक्स_२_१७’ असं काही दिसतं. त्याचा अर्थ त्या यंत्रावर जीएलआयबीसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी २.१७ किंवा त्यापुढची हवी.

एवढं वाचता आलं की निम्मे एरर आपोआप उलगडतात. ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ असं लाल अक्षरांत आलं की मुलं यूट्यूबवर बघून काही जीबींचं बिल्ड टूल्स उतरवायला बसतात. कारण बहुधा साधं असतं. संगणकावर अगदी नवं पायथन टाकलेलं असतं, त्या आवृत्तीचं व्हील मॉड्यूलच्या कर्त्यांनी अजून बांधलेलं नसतं, म्हणून पिप सोर्स (न बांधलेला कोड) उतरवून ते तिथल्या तिथे कंपाइल करू बघतं. एक आवृत्ती मागचं पायथन टाकलं की प्रश्न मिटतो. लॅबमध्ये सगळ्यात नवं पायथन कधीच घेऊ नये, हा नियम मी तरी निरपवाद मानतो.

उलट बाजूची अडचण जुन्या यंत्रांची. पायथन ३.९ पासून पुढे विंडोज ७ वर बसतच नाही. म्हणजे ज्या लॅबमध्ये विंडोज ७ आहे तिथे ३.८ ही शेवटची पायरी, आणि ३.८ ची देखभाल ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. ३२ बिटी पायथन टाकलेलं असेल तर टेन्सरफ्लो हे मशीन लर्निंगचं मॉड्यूल मिळतच नाही. ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’ एवढंच उत्तर येतं आणि मुलांना वाटतं नाव चुकलं. टेन्सरफ्लोच्या १.६ पासूनच्या तयार व्हीलना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (जलद गणितासाठीचा सूचनासंच) लागतं. इंटेलने ते २०११ मध्ये आणलं, पण स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये ते पुढे कित्येक वर्षं नव्हतं, आणि लॅबच्या खरेदीत नेमके तेच घेतले जातात. अशा यंत्रावर इन्स्टॉल सुरळीत होतं, इम्पोर्ट करताना मात्र डीएलएलचा एरर येतो. वायर काढून केलेली तपासणी हे पहिल्याच मिनिटाला दाखवून देते. प्रेझेंटेशनमधल्या स्क्रीनशॉटवरून ते कधीच कळत नाही.

नावांचा गोंधळ वेगळाच. कोडमध्ये ‘सीव्ही२’ लिहायचं पण इन्स्टॉल करायचं ‘ओपनसीव्ही-पायथन’. कोडमध्ये ‘पीआयएल’, इन्स्टॉल ‘पिलो’. कोडमध्ये ‘एसकेलर्न’, इन्स्टॉल ‘सायकिट-लर्न’. अंदाजाने नाव टाइप करणं फक्त वेळ खात नाही, धोक्याचंही असतं. पायपीआय ही पायथन मॉड्यूलांची जागतिक नोंदणी, २००३ पासूनची, आणि तिथे कोणीही मॉड्यूल टाकू शकतो. २०१९ साली ‘जेलीफिश’ या मॉड्यूलची नक्कल तिथे सापडली. इंग्रजी नावातल्या एका लहान एलच्या जागी मोठा आय होता, डोळ्यांना फरक दिसत नव्हता, आणि ते मॉड्यूल संगणकावरच्या एसएसएच किल्ल्या, म्हणजे दुसऱ्या संगणकांत शिरायच्या गुप्त फाइली, चोरत होतं. जवळपास वर्षभर ते तिथे होतं.

आता नेटचा हिशोब. समजा ३० संगणकांची लॅब आहे आणि प्रत्येकावर ज्युपिटर, पांडाज, मॅटप्लॉटलिब, सायकिट-लर्न, टेन्सरफ्लो मिळून ५०० एमबी उतरवायचे आहेत. एकूण १५ जीबी झाले. कॉलेजची लाइन ५० एमबीपीएसची आणि ती पूर्ण या लॅबलाच मिळाली असं धरलं, तरी ४० मिनिटं. प्रत्यक्षात ऑफिस, परीक्षा विभाग, इतर लॅब त्याच लाइनवर असतात. पिप एका जोडणीची १५ सेकंद वाट बघतं, मग पुन्हा प्रयत्न करतं, शेवटी ‘रीड टाइमआउट’ सांगून सोडून देतं. अर्धवट उतरलेली फाइल तिथून पुढे चालू करायची सोय पिपमध्ये २०२५ च्या आवृत्त्यांत आली. त्याआधी तीनशे एमबीची फाइल शेवटच्या टप्प्यात तुटली की पुन्हा शून्यापासून. हेच १५ जीबी लॅबमधल्या एका संगणकावरून गिगाबिट स्विचमार्फत दिले तर दोन-तीन मिनिटांचं काम आहे. जुना १०० एमबीपीएसचा स्विच असला तरी २० मिनिटं, आणि रस्त्याच्या कामात कोणी फायबर तोडली तरी फरक पडत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना भुसावळ-जळगावच्या मुलांइतकंच मिळायचं असेल तर मार्ग हाच.

फायरवॉलचा त्रास यातच येतो. काही कॉलेजांची फायरवॉल एचटीटीपीएसची वाहतूक उघडून तपासते आणि पुढे स्वतःचं प्रमाणपत्र देते. जुनं पिप फक्त आपल्याजवळची प्रमाणपत्रांची यादी बघतं, म्हणून ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ येतं. पिप २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर, विंडोजच्या यादीतली प्रमाणपत्रंही मानली जातात, तेव्हा आधी पिप नवं करून बघावं. मुलं मात्र ‘ट्रस्टेड-होस्ट’चा पर्याय लावून तपासणीच बंद करतात आणि तीच सवय नोकरीत घेऊन जातात.

साठा करणं अवघड नाही. पायपीआयवर पाच लाखांहून जास्त प्रकल्प आहेत, सगळ्यांची मिळून वीस टेराबाइटच्या वर जागा लागते. त्याची पूर्ण नक्कल करायचं काहीच कारण नाही. आपल्या अभ्यासक्रमांना आणि प्रोजेक्टांना शंभर-दीडशे मॉड्यूलं आणि त्यांना लागणारी इतर मॉड्यूलं पुरतात. पायथनच्या दोन आवृत्त्या आणि विंडोज-लिनक्स दोन्ही धरले तरी हे वीस-पंचवीस जीबीत बसावं, फक्त पायटॉर्च हे मशीन लर्निंगचं मॉड्यूल घेताना जपायचं. लिनक्सवर पायपीआयमधून नुसतं ‘टॉर्च’ मागितलं की एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डाच्या लायब्ऱ्या सोबत येतात आणि डाउनलोड दोन जीबींच्या वर जातो. ज्या लॅबमध्ये तसं कार्डच नाही तिथे पायटॉर्चच्या स्वतंत्र ‘सीपीयू’ इंडेक्सवरची (मॉड्यूलांच्या यादीवरची) लहान फाइल घ्यावी.

सगळ्यात सोपी रीत अशी. लॅबमधल्यासारखाच विंडोज आणि तेच पायथन असलेला एक संगणक नेटला जोडा. ‘पिप डाउनलोड’ला ‘-आर’ लावून यादीची फाइल द्या, ‘-डी’ लावून फोल्डर द्या आणि ‘ओन्ली-बायनरी’ हा पर्याय ‘:ऑल:’ असा ठेवा, म्हणजे सोर्स न येता फक्त व्हील येतील. ते फोल्डर लॅबच्या नेटवर्कवर शेअर करा. प्रत्येक संगणकावर ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या पिप फोल्डरात ‘पिप डॉट आयएनआय’ ही फाइल ठेवा आणि ‘ग्लोबल’ भागात दोन ओळी लिहा: ‘नो-इंडेक्स = ट्रू’ आणि ‘फाइंड-लिंक्स’पुढे त्या शेअर फोल्डरचा मार्ग. बस. यापुढे नेहमीचंच पिप इन्स्टॉल चालतं, नेटकडे जात नाही.

काही जण लिनक्सवर बसून ‘प्लॅटफॉर्म विन_एएमडी६४’ असं सांगून विंडोजची व्हील उतरवतात. यात एक खोच आहे. ‘हे मॉड्यूल फक्त विंडोजवर लागतं’ अशा अटी पिप ज्या यंत्रावर चालू आहे त्याच यंत्रावरून ठरवतं. म्हणून क्लिक किंवा टीक्यूडीएमला विंडोजवर लागणारं ‘कोलोरामा’ अशा साठ्यात येतच नाही, आणि लॅबमध्ये इन्स्टॉल मध्येच अडतं. ज्या प्रकारच्या यंत्रासाठी साठा, त्याच प्रकारच्या यंत्रावर उतरवावा. विद्यापीठाच्या पातळीवर मात्र ‘डेव्हपाय’ चालवावं. ते मागितलेलं मॉड्यूल एकदाच पायपीआयवरून आणतं, जपून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येकाला स्वतःकडचं देतं. एक जुना डेस्कटॉप, आठ जीबी रॅम आणि ५०० जीबीचं एसएसडी यावर एका कॉलेजचं काम भागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हा संगणक बंद कपाटात ठेवू नये, एवढी काळजी पुरे.

साठा नुसता असून भागत नाही, आत काय आहे याची खात्री हवी. कापूस लावणारा शेतकरी बियाण्याची पिशवी, टॅग आणि बिल हंगाम संपेपर्यंत जपतो, कारण उगवण झाली नाही तर लॉट नंबरशिवाय तक्रारच उभी राहत नाही. मॉड्यूलाच्या बाबतीत तो लॉट नंबर म्हणजे एसएचए-२५६ हॅश, फाइलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेली तिची खूण. ‘पिप-टूल्स’मधलं ‘पिप-कंपाइल’ हे ‘जनरेट-हॅशेस’ लावून चालवलं की प्रत्येक मॉड्यूलची नेमकी आवृत्ती आणि तिचा हॅश यादीत येतो. मग एखादी फाइल एका बाइटने जरी वेगळी असली तरी पिप ती बसवायला नकार देतं. हे नसलं तर काय होतं ते डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या नाइटली, म्हणजे रोज बनणाऱ्या चाचणीच्या, आवृत्तीत दिसलं. ‘टॉर्चट्रायटन’ हे मॉड्यूल त्यांच्या स्वतःच्या इंडेक्सवर होतं. कोणीतरी त्याच नावाचं घातक मॉड्यूल पायपीआयवर टाकलं आणि पिपने तेच उचललं. म्हणून साठ्याचा पत्ता ‘एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’मध्ये कधीही देऊ नये. तसं केलं तर पिप दोन्हीकडे बघतं आणि जिकडची आवृत्ती मोठी तिकडचं घेतं. फक्त ‘इंडेक्स-यूआरएल’ द्यावा, म्हणजे मार्ग एकच राहतो.

विद्यार्थ्याच्या बाजूचं काम यापेक्षा लहान आहे. प्रोजेक्टमध्ये ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ ही फाइल हवी. तिच्यात ‘बिल्ड-सिस्टम’ आणि ‘प्रोजेक्ट’ हे दोन भाग; दुसऱ्यात नाव, आवृत्ती, ‘रिक्वायर्स-पायथन’ आणि अवलंबित मॉड्यूलं. ‘पायथन -एम बिल्ड’ चालवलं की ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये व्हील तयार. इथे हमखास होणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, प्रशिक्षित मॉडेलची फाइल किंवा सीएसव्ही व्हीलमध्ये येतच नाही, कारण पायथनची नसलेली फाइल ‘पॅकेज-डेटा’मध्ये नोंदवावी लागते, आणि कोडमध्ये डेस्कटॉपचा पत्ता न लिहिता ती ‘इम्पोर्टलिब डॉट रिसोर्सेस’ने उघडावी लागते. दुसरी, देवनागरी फाइलींची. विंडोजवर ‘ओपन’ करताना ‘एन्कोडिंग’ सांगितलं नाही तर पायथन देवनागरी सामावणाऱ्या यूटीएफ-८ ऐवजी विंडोजचं स्थानिक एन्कोडिंग धरतं आणि अहिराणी शब्दांची फाइल ‘चारमॅप’चा एरर देऊन पडते. लिनक्सवर लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

व्हीलच द्यावी, सोर्स फोल्डर देऊन ‘पिप इन्स्टॉल .’ करायला सांगू नये, यालाही कारण आहे. सोर्सवरून बांधताना पिप एक वेगळं तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट करतं आणि त्यात ‘सेटअपटूल्स’ नव्याने उतरवायला जातं. वायर काढलेली असली की तिथेच थांबतं.

यावर आक्षेप येतील. पहिला कोलॅबचा, म्हणजे ब्राउझरमध्ये पायथन चालवायच्या गूगलच्या सेवेचा: सगळं गूगलवर फुकट चालतं, मग ही यातायात कशाला? मॉडेल प्रशिक्षित करायला कोलॅब जरूर वापरावं, तिथला जीपीयू (ग्राफिक कार्डाचा प्रोसेसर) आपल्या लॅबमध्ये नाही. पण तिथलं पायथन आणि मॉड्यूलं गूगल आपल्या सोयीने बदलतं. नमपाय २.० हे १६ जून २०२४ रोजी आलं आणि त्याची एबीआय बदलली. ज्यांनी ‘नमपाय १.२१ किंवा पुढचं’ अशी मोकळी ओळ लिहिली होती, त्यांचा मे महिन्यात चालणारा प्रोजेक्ट नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जुलैत ‘कंपाइल्ड युझिंग नमपाय १.एक्स’ असा एरर देऊ लागला. कोडमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या वेळेचा, आणि तो खरा आहे. म्हणूनच साठा प्रत्येक कॉलेजने वेगळा न ठेवता विद्यापीठाने ठेवावा आणि कॉलेजांनी त्याची प्रत हार्डडिस्कवर न्यावी, असं म्हणतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. आवृत्त्या गोठवल्या की सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. हे मान्य करून वेळापत्रक ठरवावं लागेल. साठा वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, सत्र सुरू होण्याआधी नव्याने भरावा. भरल्यावर ‘पिप-ऑडिट’ चालवून ज्ञात दोष असलेल्या आवृत्त्या काढाव्यात. सत्र चालू असताना मोठा दोष निघाला तर फक्त तेवढंच मॉड्यूल बदलावं आणि कोणतं बदललं ते सगळ्या विभागांना लेखी कळवावं. मागच्या सत्राचा साठा पुसू नये. तो तारखेच्या फोल्डरमध्ये राहू द्यावा, म्हणजे जुना प्रोजेक्ट पुढे नेणाऱ्याला तो जसाच्या तसा उभा करता येईल.

गुणांचं म्हणाल तर प्रोजेक्टच्या शंभरपैकी वीस गुण निव्वळ इन्स्टॉलला द्यावेत आणि ते मार्गदर्शकाने नव्हे, बाहेरच्या परीक्षकाने द्यावेत. पहिल्या वर्षी वायर काढायची अट ऐच्छिक ठेवावी, साठा मात्र त्याच वर्षी तयार असावा. आधी अट आणि मग साठा, असं उलटं झालं तर धडगावचा मुलगा पुन्हा मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बसेल, आणि डेटाचे पैसे त्याच्याच खिशातून जातील.